खांद्यावर न टेकलेला हात

मी दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या एका माध्यमिक विद्यालयात अठरा वर्षांपासून मराठी शिकवते. आमची मुले भंडारवाडा, कुणबीवाडी, कोळीवाडा, मोहल्ला आणि बौद्धवाडी अशा वस्त्यांमधून येतात; शिवाय आंब्याच्या बागांची राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांतील सात-आठ मुले दरवर्षी असतात. कोकणातील गाव वाडीवाडीने वसलेले असल्यामुळे येथे पत्ता सांगितला की बहुतेक वेळा जातही सांगून होते. हे आम्हा सर्वांच्या इतके अंगवळणी पडलेले आहे, की त्यात थांबून पाहण्यासारखे काही आहे असे मला स्वतःलाही 2023 च्या पावसाळ्यापर्यंत वाटले नव्हते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये नववीतील एक मुलगा सलग सहा दिवस शाळेत आला नाही. पावसाळ्यात तापाची साथ असतेच, म्हणून पहिले चार दिवस मी गैरहजेरी मांडून पुढे गेले. सहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बौद्धवाडीत त्याच्या घरी गेले. त्याची आई पडवीत बसून तांदूळ निवडत होती. तिने मला आत बोलावले आणि भिंतीवरच्या खुंटीकडे बोट दाखवून म्हणाली, “दप्तर तिथं टांगलंय, बाई. सहा दिवस हात लावला नाही त्यानं.” मग तिने मोबाइल माझ्या हातात दिला.

मुलांनी आपापसात केलेला वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यावर एका मुलाने या मुलाचे नाव घेऊन “स्कॉलरशिपवाल्यांना आता फुकटचे पैसे मिळणार” असे लिहिले होते आणि त्याच्यापुढे एका जातीचे नाव शिवीसारखे जोडले होते. तो शब्द मी येथे लिहीत नाही. खाली अकरा जणांनी हसऱ्या चेहऱ्यांची चिन्हे टाकली होती. “असे लिहू नकोस” असे एकानेही म्हटले नव्हते. मी ते वाचत असताना मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “लिहिणाऱ्याचं मला काही नाही, मॅडम. हसणाऱ्यांत माझ्या बाकावरचा आहे.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्रकरण गांभीर्याने घेतले. लिहिणाऱ्या मुलाला परिपाठाच्या वेळी सर्व शाळेसमोर उभे करून माफी मागायला लावावी, असा त्यांचा विचार होता आणि मलाही तो योग्यच वाटला होता. शिक्षकांच्या खोलीत मात्र दोघा-तिघांनी “मुले आहेत, शिव्या तर सगळेच देतात” असे म्हणून विषय मिटवण्याचा सल्ला दिला. मी पुन्हा बौद्धवाडीत गेले आणि या वेळी त्या मुलालाच विचारले, की तुला काय व्हावेसे वाटते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “परिपाठाला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनाही तो शब्द कळेल.”

या एका वाक्याने आमचा संपूर्ण बेत थांबला. ज्याला दुखावले त्याला न विचारता आम्ही त्याच्या वतीने न्यायाची रीत ठरवून मोकळे झालो होतो, आणि ती रीत त्याला दुसऱ्यांदा सर्वांसमोर उभे करणारी होती. मी मुख्याध्यापकांकडे काही दिवसांची मुदत मागितली. हा प्रकार एका मुलाचा आहे की शाळेत रोज चाललेल्या गोष्टीतला एक उघडकीस आलेला तुकडा आहे, हे मला आधी समजून घ्यायचे होते.

आमच्या शाळेत शासनाच्या आदेशाप्रमाणे तक्रारपेटी आहे. ती मुख्याध्यापकांच्या कार्यालयाबाहेर, व्हरांड्यात, सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगलेली आहे. तिच्यात चिठ्ठी टाकायला गेलेले मूल चार वर्गांतून दिसते. मी किल्ली मागवून ती उघडली, तेव्हा आत एकही चिठ्ठी नव्हती. त्यामुळे वेगळा मार्ग शोधणे भाग होते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, आठवी ते दहावीच्या सर्व मुलांना मी सारख्या आकाराचे कागद दिले. नाव लिहायचे नव्हते. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: तुम्ही जे आहात त्यावरून शाळेत किंवा शाळेच्या वाटेवर तुम्हाला कोणी काही बोलले आहे का, ते नेमके कोणते शब्द होते, आणि तेव्हा आजूबाजूच्यांनी काय केले. ज्यांच्याकडे लिहिण्यासारखे काही नसेल त्यांनी पाठ असलेली एखादी कविता लिहावी, असे मी सांगितले. हे महत्त्वाचे होते. केवळ दुखावलेल्या मुलांचीच पेने चालली असती, तर कोण लिहीत आहे हे शेजारच्याला बसल्या जागी कळले असते. अक्षर ओळखू येईल अशी भीती वाटणाऱ्यांना डाव्या हाताने लिहिण्याची मुभा दिली. कागद मी स्वतः कापडी पिशवीत गोळा केले आणि ही पिशवी माझ्याशिवाय कोणी उघडणार नाही, असा शब्द मुलांना दिला.

एकूण 131 कागद होते. त्यांपैकी 73 कागदांवर कविता होत्या. उरलेले 58 मी दोन रात्रींत वाचले. पहिल्या रात्री निम्मेदेखील पुरे झाले नाहीत, कारण एका चिठ्ठीनंतर दुसरी लगेच उचलता येत नव्हती.

कोळीवाड्यातील एका मुलीने लिहिले होते, की ती वर्गात आली की पुढच्या बाकावरच्या मुली ओढणी नाकाला लावतात आणि “लिलाव सुटला वाटतं” असे म्हणतात. म्हणून ती पहाटे आईबरोबर मासळी उतरवायला गेली तर दोनदा अंघोळ करते आणि पहिला तास बुडवते. तिची पहिल्या तासाची गैरहजेरी मी वर्षभर मांडत होते आणि तिला आळशी समजत होते. मोहल्ल्यातील एका मुलाने लिहिले होते, “मॅच असली की मला विचारतात, तुला कोण जिंकायला पाहिजे. बाकी कोणाला विचारत नाहीत.” नेपाळी कुटुंबातील मुलाला तीन वर्षांत एकानेही त्याच्या नावाने हाक मारली नव्हती, सगळे त्याला “बहादूर” म्हणत आणि त्याने ते वरवर स्वीकारले होते, पण चिठ्ठीच्या शेवटी त्याने आपले खरे नाव दोनदा लिहून खाली रेघ ओढली होती. नाव लिहायचे नाही असे सांगूनही त्याने ते लिहिले, यावरून मला काय ते कळले. चालण्या-बोलण्यावरून एका मुलाला जे म्हटले जाई, ते शब्द त्याने लिहून पुन्हा गिरवून काळे केले होते. कागद तेथे फाटला होता.

दोन चिठ्ठ्या मी अजून विसरलेले नाही. एका मुलीने लिहिले होते, “इतिहासात महाडचा सत्याग्रह आला की सगळे मागे वळून माझ्याकडे बघतात.” 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते महाड आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे; सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सर्वांना खुल्या करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात त्याआधी 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत झाला होता; बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे तर आमच्याला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यातले. हा इतिहास आम्ही अभिमानाने शिकवतो. तो संपूर्ण वर्गाचा आहे, पाणी नाकारणाऱ्यांच्या वारसांनीही तो आपला म्हणून वाचायचा आहे, हे मात्र आम्ही कधी सांगितले नाही. म्हणून तो तास त्या मुलीसाठी चाळीस मिनिटे मान खाली घालून बसण्याचा तास झाला होता.

दुसरी चिठ्ठी अगदी लहान होती. “परिपाठाला रांगेत अंतर घेताना मागचा माझ्या खांद्यावर हात ठेवत नाही. हवेतच धरतो.” त्याखाली त्याच अक्षरात: “मग सगळे भारतीय माझे बांधव म्हणतो.”

सोमवारी परिपाठाला मी नेहमीप्रमाणे पुढे उभी न राहता रांगांच्या बाजूला उभी राहिले. अंतर घेण्याची सूचना झाली, हात पुढे गेले, आणि मला तीन हात दिसले जे समोरच्या खांद्याच्या वर चार बोटे अधांतरी थांबलेले होते. इतकी वर्षे मी रोज सकाळी ही कवायत पाहत आलेली होते.

चिठ्ठ्यांची वर्गवारी करताना मला एक कसोटी हवी होती, कारण काही मुलांनी साधी भांडणेही लिहिली होती. संयुक्त राष्ट्रांनी 2019 मध्ये द्वेषमूलक वक्तव्याविरुद्ध जो कृती आराखडा केला, त्यात एखाद्या व्यक्तीवर किंवा समूहावर तो जे आहे त्यावरून, म्हणजे धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, वर्ण, जन्म, लिंग अशा ओळखीवरून, केलेला हल्ला किंवा अवमान असा अर्थ घेतला आहे. मला ती कसोटी उपयोगी पडली. “तू कॉपी केलीस” हे खोटे असले तरी मुलाला खोडून काढता येते. त्याने केलेल्या गोष्टीबद्दलचे ते बोलणे आहे. जन्माबद्दलच्या बोलण्याला मुलाकडे उत्तरच नसते. अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस चिठ्ठ्या या दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ सर्वांचे एकच होते: “हसले.”

आता मला जे लिहायचे आहे ते सर्वांत अवघड आहे. बौद्धवाडीतील मुलांच्या चिठ्ठ्यांमध्ये “स्कॉलरशिपवाले” हा शब्द पाच वेळा आला होता आणि एका चिठ्ठीत तो कोठून आला तेही लिहिले होते: “मॅडम वर्गात येऊन म्हणतात, स्कॉलरशिपवाले उभे राहा.”

ती मॅडम मी होते. नववी-दहावीच्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती असते. तिला जातीचा दाखला, अडीच लाख रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक अशी कागदपत्रे लागतात आणि अर्जाची मुदत नेहमीच तोंडावर आलेली असते. मी जुलैमध्ये वर्गाच्या दारात उभी राहून यादी वाचत असे, मुलांना उभे करत असे, आणि कोणाचा दाखला राहिला, कोणाच्या वडिलांचे उत्पन्न किती, हे चाळीस मुलांसमोर विचारत असे. माझ्या मनात त्या मुलांचे पैसे बुडू नयेत याखेरीज काहीही नव्हते. पण शाळेने, म्हणजे मी, प्रत्येक वर्षी एकदा त्यांची जात आणि गरिबी एका दमात जाहीर केली होती, आणि ग्रुपवर लिहिणाऱ्या मुलाने माझाच शब्द उचलून त्याच्यापुढे घरातला शब्द जोडला होता.

हे मी शिक्षकांच्या बैठकीत जसेच्या तसे सांगितले. सांगताना माझा आवाज नीट नव्हता. त्या दिवशी “मुले आहेत” असे कोणी म्हटले नाही. इतिहासाच्या सरांनी स्वतःहून महाडची चिठ्ठी पुन्हा वाचायला मागितली.

याच सुमारास मुलाच्या घरच्यांना कायद्याची माहिती द्यावी की नाही, हा प्रश्न आला. काही सहकाऱ्यांचे मत होते, की प्रकरण बाहेर गेले तर शाळेचे नाव खराब होईल. मला ते पटले नाही. माहिती दडवून ठेवण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. मी त्याच्या आईवडिलांना सांगितले, की 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, लोकांसमक्ष जातिवाचक शिवीगाळ करणे हा त्याखाली गुन्हा आहे. लिहिणारा अठरा वर्षांखालील असल्यामुळे त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि तेथे सुधारण्यावर भर असतो. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. आणि तुम्ही कोणताही निर्णय घेतलात तरी वर्गात मी मुलाच्या बाजूने उभी आहे. मुलाच्या मुंबईतील काकांचे मत तक्रार करावी असे होते. आई म्हणाली, “त्यांना मुंबईत राहायचंय. आम्हाला उद्या त्याच एसटीत चढायचंय.” तीन दिवस विचार करून त्यांनी तक्रार केली नाही. तो निर्णय योग्य होता की नाही, हे सांगण्याचा मान माझा नाही. मात्र “त्यांनी तक्रार केली नाही म्हणजे फार काही झाले नव्हते” असा अर्थ नंतर काहींनी काढला, तो चुकीचा आहे. त्या घराने भीती आणि शेजार यांचा हिशेब केला होता.

लिहिणाऱ्या मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावले. त्यांची वाडी मी येथे सांगत नाही, कारण असा शब्द एकाच वाडीत बोलला जातो असा समज व्हायला नको. ते रागावून आले होते. पण संदेश स्वतः वाचल्यावर खाली बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मॅडम, हा शब्द आमच्याकडे घरात बोलतात. शिवी म्हणून नाही, नाव म्हणून.” मुलगा शेजारी उभा होता. त्याने वडिलांकडे ज्या नजरेने पाहिले, त्यात मला प्रथमच तो गोंधळलेला दिसला; आपण जे घरात ऐकतो त्यासाठी बाहेर जाब विचारला जातो, हे त्याला नवीन होते. मी वडिलांना एवढेच म्हटले, की ज्याला ते नाव लावता त्याने ते स्वतःसाठी निवडलेले नाही.

त्या मुलाने माफीचे पत्र तीनदा लिहिले. पहिल्या पत्रात “माझ्याकडून चुकून तसे झाले, मन दुखावले असल्यास क्षमा असावी” असे होते. मराठीची शिक्षिका म्हणून मी त्याला विचारले, की या पत्रात “मी” हा शब्द कोठे आहे. तो शोधू लागला आणि त्याला तो सापडला नाही. दुसऱ्या पत्रात त्याने ग्रुपमधल्या हसणाऱ्यांना दोष दिला होता. तिसऱ्या पत्रात चारच ओळी होत्या आणि प्रत्येक ओळ “मी” ने सुरू होत होती. ते पत्र त्याने मधल्या सुट्टीत, मी आणि बौद्धवाडीतील मुलाची आई यांच्यासमोर, त्या मुलाच्या हातात दिले. त्याने वाचले, घडी केली आणि कंपासपेटीत ठेवले. त्याने क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही.

यानंतर आम्ही चार शनिवार आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात एकेक तास या विषयासाठी ठेवला. चिठ्ठ्या वाचून दाखवल्या नाहीत. मुलांनाच विचारले, की समोर असे काही बोलले गेले आणि आपल्याला हसायचे नसेल तर नेमके काय करता येईल. सुरुवातीस सर्वांनी “मॅडमना सांगू” असे ठरीव उत्तर दिले. मग एक मुलगी म्हणाली, की सांगितले तर ग्रुपमधून काढतात. त्यापेक्षा आपण विषय बदलून ज्याला बोलले त्याला काहीतरी विचारावे, म्हणजे तो एकटा उरत नाही. हा उपाय मला कोणत्याही पुस्तकात सापडला नसता. 14 ऑक्टोबरच्या शनिवारी तर दुपारी अहमदाबादला विश्वचषकातील भारत-पाकिस्तान सामना होता. त्या सकाळी नववीत मी विषय काढण्याआधीच कोणीतरी मोहल्ल्यातील मुलाला विचारले, “तुझ्या मते पहिली विकेट कोण काढणार?” तो दहा मिनिटे गोलंदाजीवर बोलत राहिला.

कार्यालयातील बदल छोटे होते, पण त्यांनाच सर्वांत जास्त विरोध झाला. शिष्यवृत्तीची सूचना आता बंद पाकिटातून, इतर सर्व मुलांच्या पाकिटांबरोबर, घरी जाते. कोणाच्या पाकिटात अर्ज असतो, कोणाच्या पालकसभेचे पत्र. लेखनिकांचे म्हणणे होते की यात दोन दिवस जास्त जातात. ते खरे आहे, दोन दिवस जातात. उपस्थितीचा प्रवर्गवार गोषवारा मी आता वर्गात मांडत नाही. नेपाळी मुलाला सर्व शिक्षक त्याच्या नावाने हाक मारतात, आणि मुलांनी ते आमच्याआधी उचलले. कोळीवाड्यातील मुलीच्या घरी मी गेले, पहिल्या तासाबद्दल तिची क्षमा मागितली. ती आता बहुधा वेळेवर येते, नेहमी नाही.

मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेपूर्वी, मी पुन्हा तसेच कागद वाटले. या वेळी दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्या एकोणीस होत्या. मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही, कारण त्यांतील सात चिठ्ठ्यांचा आशय एकच होता. एकीत लिहिले होते, “आता वर्गात बोलत नाहीत. सव्वापाचच्या गाडीला बोलतात. मागच्या सीटवर बसू देत नाहीत.”

आम्ही पाच शिक्षकांनी वार वाटून घेतले आहेत. माझा मंगळवार असतो. मी दापोलीला घरी जाण्यासाठी आधी दुचाकी वापरत असे. आता मंगळवारी सव्वापाचच्या एसटीने जाते आणि मागच्या सीटवर मुलांमध्ये बसते.